‘इकडे सर्व खुशाल’ या ओळीच्या पुढे

प्रश्न : माझे यजमान २४ वर्षे फौजेत काढून दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. वय ४४ आहे. काश्मीरमध्ये त्यांची दोनदा पोस्टिंग झाली, पण तिथले त्यांनी घरात कधी काही सांगितले नाही. गावी आल्यावर साखर कारखान्यावर सुरक्षा रक्षक म्हणून लागले आणि पाच महिन्यांत सुपरवायझरशी भांडून घरी बसले. पहाटे चारला उठतात. अंथरुणाची घडी कडेला कड जुळवून घालतात आणि मुलाने तशी घातली नाही की घर डोक्यावर घेतात. रात्री दोनदा उठून दाराची कडी बघतात. वरातीत फटाके वाजले की मागच्या खोलीत जाऊन बसतात. डॉक्टरांचे नाव काढले की ‘मी काय वेडा आहे का?’ म्हणतात. माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. तिकडे लढाईवरून परतलेल्या सैनिकांना मनातले ऑनलाइन लिहायला देतात आणि त्याचा फायदा होतो, असे त्याने सांगितले व यांच्या मोबाईलवर तशी एक फाइल उघडून दिली. यांनी अर्धा तास मोबाईल हातात धरला आणि दोनच शब्द लिहिले : ‘सब ठीक’. असे लिहून खरेच काही होते का? यांना मोबाईलवर मराठी लिहिण्याची सवय नाही, मग कसे करायचे? आणि लिहिलेच तर मी ते वाचावे का? यांच्या मनात काय आहे ते मला निदान कळेल तरी.
— एक सैनिकपत्नी, खटाव तालुका (जि. सातारा)

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ‘सब ठीक’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. भाच्याने सांगितलेला उपाय फसला असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे समजू नका, कारण त्या दोन शब्दांमागे २४ वर्षांची सवय आहे. माझे थोरले मामा १९७१ च्या लढाईच्या वेळी सीमेवर होते. त्यांची सगळी आंतर्देशीय पत्रे आजीने देवघरातल्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती आणि लहानपणी आम्ही ती एकमेकांना वाचून दाखवायचो. प्रत्येक पत्रात ‘मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी’ अशी सुरुवात, मग पाऊस झाला का, म्हैस व्याली का, मनिऑर्डर पोचली का, आणि पत्त्याच्या जागी ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे ठिकाणाचे नाव न सांगणारा फौजेच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक. त्या हिवाळ्यात त्यांच्या कंपनीतले जवळचे सोबती गेले होते, हे आम्हाला मामांच्या मृत्यूनंतर भेटायला आलेल्या त्यांच्या एका जोडीदाराकडून समजले. पत्रात ठावठिकाणा लिहायचा नाही हा फौजेचा नियम असतो, आणि घरच्यांना घोर लागेल असे काही लिहायचे नाही हा सैनिकाने स्वतःवर घातलेला नियम असतो. तुमच्या यजमानांनी लिहायला घेतले तेव्हा हे दोन्ही नियम त्यांच्या हातात होते. ही पद्धत त्यांना उपयोगी पडायची असेल, तर ते नियम वीस मिनिटांपुरते बाजूला ठेवता येतील अशी जागा त्यांना मिळायला हवी, आणि त्या जागेत तुमचा भाग कोणता, हाच तुमच्या तीन प्रश्नांमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पण आधी पहिल्या प्रश्नाकडे येते.

लिहून खरेच काही होते का? होते, पण किती होते तेही तुम्हाला नीट माहीत असावे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींना किरकोळ विषय दिले, तर काहींना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले, आणि त्यांतही काहींनी फक्त काय घडले ते लिहायचे, काहींनी फक्त काय वाटले ते लिहायचे आणि काहींनी दोन्ही लिहायचे, अशी विभागणी केली. ज्यांनी घडलेले आणि वाटलेले दोन्ही एकत्र लिहिले, त्यांना लिहून उठल्यावर आधीपेक्षा वाईट वाटत होते. मात्र पुढच्या सहा महिन्यांत त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी वेळा चढावी लागली. हा अनुभव पुढे अनेक देशांत, अनेक प्रकारच्या माणसांवर ताडून पाहिला गेला.

तुमच्या भाच्याच्या कानावर आलेला प्रयोग बहुधा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला असावा. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांवरून परतलेल्या आणि घरी-गावात रुळणे जड जात असलेल्या १,२९२ अमेरिकी माजी सैनिकांना त्यात घेतले होते. त्यांचे तीन गट केले. एका गटाने इंटरनेटवरून चार वेळा, प्रत्येक वेळी २० मिनिटे, मनाच्या तळाशी असलेले विचार आणि भावना लिहिल्या; दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ केवळ माहितीवजा लिहिले; तिसऱ्या गटाने काहीच लिहिले नाही. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा, काहीच न लिहिणाऱ्यांच्या तुलनेत मनातले लिहिणाऱ्यांचा राग, अस्वस्थता, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या शारीरिक तक्रारी, आघाताची लक्षणे आणि रुळण्यातली अडचण असे सगळेच कमी झालेले होते, आणि कामधंद्याच्या बाबतीतही त्यांची स्थिती सुधारलेली दिसली. माहितीवजा लिहिणाऱ्यांशी तुलना केली तर राग, अस्वस्थता आणि शारीरिक तक्रारी यांतच फरक उरला. आयुष्याविषयीचे एकूण समाधान मात्र कोणत्याही तुलनेत वाढले नाही, आणि जो फरक पडला तोही लहानच होता, हे संशोधकांनी स्पष्टपणे नोंदवले आहे. हे सगळे मी इतक्या तपशिलाने अशासाठी सांगते आहे की, नाहीतर चार दिवस लिहिले आणि माणूस पूर्वीसारखा झाला अशी आशा धरून तुम्ही बसाल, पाचव्या दिवशी अंथरुणाच्या घडीवरून पुन्हा आवाज चढेल आणि मग तुम्ही दोघेही हा नाद सोडून द्याल. राग थोडा उतरणे, झोप थोडी लागणे, एवढेही ज्या घरात दोन वर्षांत झालेले नाही त्या घरासाठी लहान नाही.

त्या प्रयोगातली एक गोष्ट मला तुमच्यासाठी सर्वांत मोलाची वाटते. त्या सैनिकांना लढाईचे वर्णन करायला सांगितले नव्हते; फौज सोडून सिव्हिलमध्ये, म्हणजे नागरी आयुष्यात, येण्याविषयी तुमच्या मनात काय आहे, असे विचारले होते. म्हणजे तुमच्या यजमानांना काश्मीरपासून सुरुवात करण्याची काहीच गरज नाही. त्यांनी कारखान्याच्या गेटपासून सुरुवात करावी. ज्या माणसाच्या हाताखाली दहा जवान होते, ज्याच्या शब्दावर ते रात्रीच्या पेट्रोलिंगला निघायचे, त्याला गेटवर कोणी पोरसवदा सुपरवायझर काय बोलला, कोणत्या शब्दात बोलला, ते ऐकताना हात कुठे होता, घशात काय झाले, आणि घरी येईपर्यंत मोटारसायकलवर मनात काय चालले होते, हे लिहिता येते. पलटणीत प्रत्येक गोष्टीला वेळ असते, फॉलिन म्हणजे रांगेत हजर होणे असते, गिनती असते, आणि एक माणूस कमी भरला तर सगळे थांबतात. गावात तुम्ही दिवसभर दिसला नाहीत तरी कोणी मोजत नाही. पेन्शनीवर आलेल्या अनेक फौजींना गोळीबाराच्या आठवणीइतकेच हे न मोजले जाणे झोंबते, असे मला त्यांच्याशी बोलताना वारंवार जाणवले आहे. काश्मीर त्या ओघात आले तर येऊ द्यावे, न आले तर ओढून आणू नये.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगते. मोबाईलच हवा असे अजिबात नाही. अमेरिकेत हे ऑनलाइन केले, कारण लांबवर विखुरलेल्या सैनिकांना दवाखान्यात यावे लागू नये आणि कोणासमोर बसावे लागू नये. गुण इंटरनेटचा नाही. तुमच्या यजमानांना पेन सवयीचे असेल तर शंभर पानी वही आणून द्या आणि भाच्याला तसे प्रेमाने कळवा. वही नको, मोबाईलच बरा असे ते म्हणाले, तर मराठी कीबोर्ड शिकायला मुलाला सांगा. शिकवताना बापलेक दहा मिनिटे शेजारी बसतील, तेही या घरात व्हायला हवेच आहे. बोलून टाइप करण्याची सोय मात्र मी सुचवणार नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने बोललेले घराच्या कानावर जाते आणि मग पुन्हा ‘सब ठीक’ सुरू होते. भाषा कोणतीही चालेल. मराठीतले वाक्य मध्येच फौजी हिंदीत गेले, त्यात गावातली शिवी आली, शुद्धलेखन चुकले, एकच वाक्य चार वेळा लिहिले गेले, तरी हरकत नाही. इथे कोणी तपासायला बसलेले नाही.

वेळ त्यांनीच ठरवावी. ते चारला उठतात ही तुम्हाला अडचण वाटते, पण घर झोपलेले असतानाची ती वेळ लिहिण्यासाठी उत्तम आहे. मोबाईलमध्ये वीस मिनिटांचा गजर लावावा आणि गजर होईपर्यंत हात थांबवू नये; सुचले नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहावे. गजर झाला की वही बंद करावी आणि लगेच माणसांत न येता शेताकडे एक चक्कर मारून यावी. असे चार दिवस सलग करावे, किंवा आठ-दहा दिवसांत चार वेळा करावे. पहिल्या दिवशी काय घडले एवढेच कागदावर आले तरी चालेल, पण पुढच्या दिवसांत त्यासोबत ‘मला त्या वेळी कसे वाटले’ आणि ‘आज त्याचा अर्थ मला काय लागतो’ हेही यायला हवे. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येते’ अशा तऱ्हेचे शब्द वाढत जातात, त्यांना अधिक फायदा होतो असे पेनेबेकर यांच्या पुढच्या अभ्यासांत दिसले. तेच तेच गाऱ्हाणे रोज त्याच शब्दांत लिहिले गेले, तर ते मनात घोळवण्यासारखेच होते आणि मग थांबणे बरे.

यांतली एक सूचना त्यांना स्पष्ट शब्दांत द्या, कारण फौजी माणसाला दिलेले काम पूर्ण करायची सवय असते : लिहिताना एखाद्या प्रसंगापाशी छाती धडधडू लागली, हात कापू लागले, आता सहन होत नाही असे वाटले, तर तो प्रसंग तिथेच सोडून दुसऱ्या विषयाकडे वळायचे किंवा पेन खाली ठेवायचे. ही माघार समजली जाणार नाही. लिहून झाल्यावर तासा-दोन तासांची उदासी साहजिक आहे. ती दोन-तीन दिवस हटली नाही, किंवा झोप आधीपेक्षा जास्त बिघडली, तर लिहिणे बंद करून डॉक्टरांकडे जायचे.

गोपनीयतेची भीती तुम्ही लिहिली नाही, पण त्यांच्या मनात ती नक्की असणार, आणि ती रास्त आहे. सरकारी गोपनीयतेचा १९२३ चा कायदा पेन्शनीवर आल्यावर संपत नाही. म्हणून लिहिताना ठाण्याचे नाव, युनिटची हालचाल, हत्यारांचा तपशील, माणसांची संख्या आणि वाटा यांपैकी काहीही लिहू नये. त्याने लिखाणाचे काही बिघडत नाही, कारण ज्या गोष्टीने झोप उडवली आहे ती नकाशावरच्या जागेत नसून त्या पहाटेच्या थंडीत, वायरलेसवर ऐकलेल्या आवाजात, परत न आलेल्या माणसाच्या रिकाम्या चारपाईत असते. मोबाईलवर लिहायचे असेल तर फाइल मोबाईलमध्येच पासवर्ड घालून ठेवावी. व्हॉट्सॲपवर, तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या गटात, एवढेच काय भाच्यालाही ती पाठवू नये. फुकट सल्ला देणाऱ्या कोणत्याही अनोळखी ॲपवर खाते उघडून तिथे तर मुळीच लिहू नये.

आणि तुम्ही वाचावे का? ताई, वाचू नका. तुमची ओढ मला कळते. २४ वर्षांत मिळून तुम्हाला हा माणूस सुट्टीपुरता भेटला. सुट्टीवर आलेला फौजी पाहुण्यासारखा हसतमुख असतो, आणि आता कायमचा आलेला माणूस तुम्हाला अनोळखी वाटतो आहे. त्याच्या मनात शिरण्याची एक खिडकी समोर दिसत असताना ती बंद ठेवा असे सांगणे कठोर आहे. पण ही वही बायको वाचणार आहे एवढे जरी त्यांना वाटले, तरी ते तुम्हाला जपण्यासाठी लिहितील, आणि मग ते पुन्हा ५६ एपीओचे पत्र होईल. म्हणून पहिल्या दिवसाआधी त्यांना तोंडाने सांगा, ‘तुम्ही काय लिहिता ते मी वाचणार नाही, पोरेही वाचणार नाहीत, ठेवायचे की जाळायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.’ आणि त्यांच्या काळ्या ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडे द्या; वही तिथेच राहू दे. न वाचताही तुमच्या पदरात काही पडत नाही असे नाही. लढाईवरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या जोडप्यांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जिथे सैनिकाने स्वतः मनातले लिहिले, तिथे त्या दोघांचेही संसारातले समाधान पुढच्या महिन्यात वाढलेले आढळले. आणि ज्यांनी लढाई अधिक जवळून पाहिली होती, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. काही काळाने ते स्वतःहून एखादी गोष्ट सांगायला लागतील. त्या वेळी भाकरी तव्यावर असली तरी गॅस बंद करून ऐका, आणि ‘हे मला आधी का नाही सांगितले’ असे मात्र विचारू नका.

इथवर सांगितलेले सगळे स्वतःला सावरू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. तुम्ही लिहिलेली काही लक्षणे, म्हणजे रात्री उठून कडी बघणे, फटाक्यांनी दचकून आत जाणे, दोन वर्षे न ओसरलेला राग, ही मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या विकाराचीही असू शकतात, आणि ते पत्रावरून ठरवता येत नाही. तेव्हा लेखनाला उपचाराची जागा देऊ नका. तुमच्याकडे ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असेलच. त्या योजनेच्या साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. डॉक्टर म्हटले की ते उसळतात, म्हणून ‘झोपेसाठी आणि बीपीसाठी दाखवून येऊ’ असे सांगा. ते खोटेही नाही, आणि झोपेबद्दल बोलायला सैनिकाला कमीपणा वाटत नाही. तिथे त्यांना हेही सांगता येईल की लिहिणे हा डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचारही असतो : तज्ज्ञासमोर पाच बैठकांत, दर बैठकीत अर्धा तास एकाच आघाताविषयी लिहिण्याची एक पद्धत आहे, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ती १२ बैठकांच्या नावाजलेल्या उपचारापेक्षा कमी ठरली नाही, शिवाय ती अर्ध्यावर सोडून जाणारेही बरेच कमी होते. घरी बसून लिहिण्यापेक्षा ही वेगळी गोष्ट आहे. ती घरी करू नका.

दोन गोष्टी घडल्या तर मात्र पॉलिक्लिनिकच्या तारखेची वाट पाहू नका. दारू रोजची झाली असेल, किंवा ‘मी नसलेलो बरा’ अशा अर्थाचे एखादे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असेल, तर त्याच दिवशी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. हा फोन २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि घरच्या माणसानेही केला तरी चालतो. सुरक्षा रक्षकाच्या नोकरीसाठी अनेक माजी सैनिक परवान्याची बारा बोअरची बंदूक घेतात. तुमच्या घरात ती असेल आणि असे वाक्य कानावर आले असेल, तर दीर किंवा त्यांच्या पलटणीतला एखादा विश्वासाचा जोडीदार यांना बोलावून ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. कायद्याने तशी सोय आहे आणि त्याने परवाना आपोआप जात नाही. हे त्यांच्या पाठीमागे न करता त्या जोडीदाराच्या तोंडून त्यांना समजावून करा. एका फौजीचे दुसरा फौजी ऐकतो.

कामाचेही सोडून देऊ नका. रिकामा दिवस या माणसांना खातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदलेले आहे का ते बघा, आणि माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, अर्ज करा. तिथे निदान शेजारी उभा असलेला माणूसही फौजेतून आलेला असतो, आणि कारखान्याच्या गेटवर जे झाले ते होण्याचा संभव थोडा कमी असतो.

शेवटी मुहूर्ताचे. दिवाळी तोंडावर आली आहे, आणि फटाक्यांच्या आठवड्यात हे लेखन सुरू करणे मला योग्य वाटत नाही. आजूबाजूच्या पोरांना रात्री नऊनंतर तुमच्या घराकडे सुतळी बॉम्ब लावू नका असे आत्ताच सांगून ठेवा. कारण विचारले तर ‘आजारी माणूस आहे’ असे न सांगता ‘आमच्याकडे लवकर झोपतात’ एवढेच सांगा. वही तुळशीच्या लग्नानंतर आणा. पॉलिक्लिनिकची तारीख मात्र या आठवड्यातच घ्या, आणि गेल्यावर ते काय म्हणाले ते मला कळवा.